पुढचं मॉडेल येईपर्यंत

त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी बाहेर यायचं. एरवी सगळा कारखाना त्यांना व्हर्जनराव म्हणायचा.

कारखाना खोक्यांचा होता. मिक्सर, पंखे, टीव्ही, फोन, जे काही दुकानात जातं ते आधी इथल्या पुठ्ठ्यात बसतं. व्हर्जनराव आराखडा विभागात. वस्तू बाजारात यायच्या आधी तिची मापं त्यांच्या टेबलावर यायची. घडी कुठे, काप कुठे, कोपऱ्याला आधार किती, हे ते ठरवायचे. आणि मापांवरून आतल्या वस्तूचं भविष्य सांगायचे.

"दोन मिलिमीटर जाड झालाय. म्हणजे बॅटरी वाढवली. शहाणे झाले एकदाचे." असं म्हणून पेन्सिल कानावर ठेवायचे.

त्यांच्या समोर एक तरुण बसायचा. साहित्यात एम.ए. केलेला. खोक्यांवरचा मजकूर लिहिणं हे त्याचं काम. व्हर्जनराव त्याला साहित्यिक म्हणायचे. पाहुणा आला की ओळख करून द्यायचे, "यांचं 'ही बाजू वर' वाचलं असेल तुम्ही. लाखो प्रती खपल्यात."

मतं चहाच्या सुट्टीत मिळायची. मागावी लागायची नाहीत. पहिलं व्हर्जन कधीच घ्यायचं नाही, कारण पहिलं व्हर्जन म्हणजे कंपनीने आपल्यावर केलेला प्रयोग. अपडेट आलं की पंधरवडा हात लावायचा नाही, आधी दुसऱ्यांचे फोन मरू द्यायचे. टॉप मॉडेल मिरवणाऱ्यांसाठी, सगळ्यात स्वस्त मॉडेल गिऱ्हाईक आत ओढण्यासाठी, म्हणून मधलं घ्यायचं. आणि सॉफ्टवेअर? "सॉफ्टवेअर कधी तयार नसतं हो. ते कायम वाटेत असतं."

पण सगळ्यात आवडतं मत वेगळं होतं. ते सांगताना ते कप खाली ठेवायचे.

"घाई करायला लावणारा माणूस काहीतरी विकत असतो. 'आजच घ्या, स्टॉक संपतोय' म्हणाला, की उठायचं आणि घरी जायचं."

स्वतः ते याच मतांवर जगत होते. फोन कोपऱ्यात तडकलेला. गाडी दोन मालक जुनी, तिचा मागचा दरवाजा फक्त आतून उघडायचा. दर वेळी पुढचं मॉडेल यायचं असायचं आणि ते आलं की त्याच्याही पुढचं. बायको चिडवायची.

"लग्नाच्या वेळी कसा रे नाही थांबलास?"

"शेवटचा पीस होता. आयुष्यात एकदाच घाई केली."

"म्हणजे फसलास."

"अजून वॉरंटीत आहेस, बोलू नकोस जास्त."

वेगवान गाड्या हा मात्र तर्काचा विषय नव्हता. तिथे व्हर्जनराव पार विरघळायचे. आराखडा विभागाच्या खिडकीखालून हमरस्ता जायचा. गाडीचा आवाज लांबून यायला लागला की त्यांचा हात कागदावर थांबायचा. खिडकीकडे पाठ असायची. "सहा सिलिंडर. क्लच घासतोय बिचाऱ्याचा." साहित्यिक उठून खिडकीशी धावायचा. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. नाही निघालं तर म्हणायचे, "मग मालकाने सायलेन्सर बदललाय."

विजेच्या गाड्यांवर त्यांचा राग नव्हता. पण मन बसत नव्हतं. "पळते छान. पण वेगाला आवाज पाहिजे. नाहीतर ती आडवी लिफ्ट."

एकदा साहित्यिकाला घेऊन ते मोठ्या शोरूममध्ये गेले. विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. सेल्समनने दया येऊन इंजिन सुरू करून दाखवलं. व्हर्जनरावांनी डोळे मिटले. साहित्यिकाने त्यांना इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं. मग डोळे उघडून म्हणाले, "छान आहे. पण निम्मा आवाज स्पीकरमधून येतोय."

सेल्समन लाजला. खरंच येत होता.

मग त्यांना ताप आला.

साधा वाटला. दोन दिवस अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी मान वाकेना. मेंदूज्वर निघाला. किती दिवस बेशुद्ध होते ते त्यांना नंतर सांगावं लागलं. जाग आली तेव्हा पलंगाशेजारी मशीन होतं. हिरवी रेघ वरखाली होत होती. त्यांना वाटलं, आवाज बंद करून ठेवलाय. चांगलं केलं, पेशंटला झोप लागते. मग बायको दिसली. तिचं तोंड हलत होतं. तेही आवाज बंद करून.

दोन्ही कान गेले होते. जीव वाचला होता, म्हणून आठवडाभर सगळे आनंदातच होते.

ॲप त्यांनी हॉस्पिटलमध्येच शोधलं. समोरचा बोलला की फोनवर अक्षरं उमटतात. पाचसहा ॲप तपासली, एक ठेवलं. साहित्यिक भेटायला आला तर त्याच्यापुढे फोन धरून म्हणाले, "बोल. पण जोडाक्षरं जपून. या ॲपचं शिक्षण कमी आहे." आवाज खोलीभर मोठा. साहित्यिक हसला. घरी जाताना बसमध्ये मात्र त्याला खिडकीबाहेर बघत राहावं लागलं.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला समोर बसवलं आणि फोनशी तोंड नेऊन सावकाश सांगितलं. साध्या श्रवणयंत्राचा उपयोग नाही. आतलं यंत्र बसवावं लागेल. कानात खोल शंखासारखी पोकळी असते, तिच्यात बारीक तार सरकवायची. ऑपरेशन करून. बऱ्याच जणांना पुन्हा ऐकू येतं. खर्चाची काळजी नव्हती, कारखान्याच्या विम्यात बसत होतं.

"पण लवकर करायला हवं," बाई म्हणाल्या. "या तापानंतर ती पोकळी हाडाने भरायला लागते. काही आठवड्यांत करून टाकू. थांबू नका."

अक्षरं एकामागून एक उमटली. लवकर. थांबू नका.

व्हर्जनरावांची नजर टेबलावर गेली. पेनस्टँडवर त्याच यंत्राच्या कंपनीचं नाव होतं.

ते उठले. "विचार करून सांगतो, मॅडम."

त्यांना वेड लागलं होतं असं कुणी समजू नये. त्यांचा हिशोब सरळ होता. कानामागे लावायचं बाहेरचं यंत्र बदलता येतं, आतली तार जन्मभराची. फोन चुकला तर विकता येतो, हे डोक्यात राहणार. आणि पुढचं मॉडेल येत होतं. त्यांनी रात्रंदिवस वाचलं. तार जास्त बारीक, आवाजाच्या वाटा जास्त, गर्दीतलं बोलणं स्पष्ट. संगीत ऐकता येईल, असं लिहिलं होतं. म्हणजे इंजिनही ऐकता येईल. जुन्या मॉडेलमधून सगळं डब्यातून बोलल्यासारखं येतं, असं वापरणारे सांगत होते. काही महिन्यांचा तर प्रश्न होता.

"बाई म्हणाल्या ना, थांबू नका!" बायको म्हणाली.

"सगळेच म्हणतात."

"त्या डॉक्टर आहेत!"

"पेनस्टँड पाहिलास?"

"पेनस्टँड!" ती ओरडली. फोनवर ते शांतपणे उमटलं. पेनस्टँड. वाक्यांना आवाज नव्हता, म्हणून रागही नव्हता. व्हर्जनराव गिऱ्हाइकाच्या शंकेला द्यावं तसं नीट, मुद्देसूद उत्तर देत राहिले. शेवटी तिने फोन पालथा घातला आणि त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून बोलली. काय बोलली ते त्यांना कळलं नाही. रडली ते कळलं.

त्यांनी तिचे डोळे पुसले. तरी ते थांबले.

त्यांना एक लहान मुलगी होती. आजारपणाआधी ती नुसती हुंकार द्यायची. त्या महिन्यांत ती बोलायला लागली. दिवसभर. खुर्चीशी, चपलेशी, भिंतीशी. व्हर्जनराव तिला मांडीवर घ्यायचे आणि फोन पुढे धरायचे. ती भरभरून बोलायची. फोनवर काही उमटायचं नाही. नुसती उभी रेघ लुकलुकायची. ॲपला मोठ्या माणसांची भाषा शिकवलेली होती. मध्येच बायकोचा आवाज लागला की अक्षरं यायची. तुला बोलावतेय. बाबा म्हणाली आत्ता. अरे, फोनकडे नको, तिच्याकडे बघ.

"नवीन मॉडेल येऊ दे," ते मुलीला सांगायचे, घर दुमदुमेल एवढ्या आवाजात. "मग पहिल्यापासून सगळं पुन्हा बोलायचं हं!"

ती दचकायची. मग हसायची.

मॉडेल आलं. सांगितल्यापेक्षा उशिरा आलं, जशी मॉडेलं येतात. व्हर्जनरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला. साहित्यिकाने रजा काढली आणि बरोबर गेला, कारण बायकोने जायला नकार दिला होता. "मी आता तिथे हसऱ्या तोंडाने बसू शकत नाही, तुम्हीच जा भाऊजी," एवढंच ती त्याला म्हणाली.

बाईंनी आधी स्कॅन करायला पाठवलं. तासाभराने बोलावलं. पडद्यावर काळंपांढरं चित्र होतं. त्या ते पुढेमागे करून बघत होत्या. फोनवर रेघ लुकलुकत राहिली.

"पोकळी भरून गेलीय," त्या म्हणाल्या. "हाड झालंय सगळं. तार जायला जागा नाही."

व्हर्जनरावांनी वाचलं. जागा म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. जन्मभर त्यांनी जागाच आखली होती.

"किती मिलिमीटर पाहिजे?"

"प्रश्न मिलिमीटरचा नाही. आत पोकळच राहिलेलं नाही काही."

"दुसरा कान?"

"दोन्ही."

"कोरून?"

बाईंनी मान हलवली. करून बघता येईल, पण आत चेहऱ्याची नस आहे, आणि मिळणार काही नाही. मी माझ्या भावाला करू देणार नाही, असं म्हणाल्या. साहित्यिकाने खाली बघितलं. टेबलावर तोच पेनस्टँड होता. बाईंनी पेन काढताना तो फिरला. दुसऱ्या बाजूला सर्दीच्या गोळीचं नाव होतं, तिसऱ्या बाजूला कुठल्याशा साबणाचं. व्हर्जनरावही तिकडेच पाहत होते.

"मॅडम, तेव्हा बसलं असतं का? जुनं?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. खोटं बोलता येईल का याचा विचार त्यांनी केला असावा.

फोनवर एकच अक्षर उमटलं. हो.

व्हर्जनरावांनी फोन खिशात ठेवला. त्यानंतर बाई आणखी बोलत होत्या, हातवाऱ्यांची भाषा शिकण्याबद्दल, समुपदेशन करणाऱ्या एका संस्थेबद्दल. ते त्यांच्या तोंडाकडे आदराने पाहत राहिले. साहित्यिक हो हो म्हणत राहिला.    बाहेर आल्यावर त्याने व्हर्जनरावांच्या हातातली, जुन्या-नव्या मॉडेलच्या तुलनेच्या कागदांची पिशवी घेतली आणि चालू लागला.

ते कामावर परतले. मापं येत होती, खोकी आखली जात होती. कामात चूक नव्हती. पेन्सिल मात्र आता टेबलावर असायची. एका सकाळी खिडकीखालून एक गाडी गेली. काचा थरथरल्या. साहित्यिकाने सवयीने मान वर केली आणि वाट पाहिली. व्हर्जनराव घडीची रेघ ओढत होते. रेघ सरळ गेली.

चहाच्या सुट्टीत स्टोअरकीपर काका आले. म्हातारे, भले गृहस्थ. ऑपरेशनचं काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, की सांगूनही ते विसरले होते. मुलीला फोन घ्यायचाय, म्हणाले. दोन कागदी जाहिराती पुढे ठेवल्या.

"कुठला घेऊ, व्हर्जनराव? मधलाच ना?"

व्हर्जनरावांनी फोनवर वाचलं. जाहिरातींकडे पाहिलं नाही.

"कुठलाही घ्या, काका."

"आँ? आणि दुकानदार म्हणतो दोन महिन्यांनी नवीन येतोय. थांबू ना?"

"आज घ्या."

टेबलावरचे सगळे एकदम गप्प झाले. व्हर्जनरावांना ते कळायचं कारण नव्हतं. त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा मुलगी दारातच होती. ती काहीतरी सांगत होती, मोठी भानगड असावी, दोन्ही हात पसरून. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, फोन पुढे धरला. रेघ लुकलुकली. मग पडद्यावर चौकट आली. ॲपचं नवीन व्हर्जन आलं होतं. सुधारणा केल्यात, एवढंच लिहिलं होतं.

पंधरवडा थांबायचा त्यांचा नियम होता.

त्यांनी लगेच बटण दाबलं.

फोनवर गोल चक्र बराच वेळ फिरत राहिलं. मुलगी बोलत राहिली. त्यांनी तिच्या पाठीवर तळवा ठेवला. आत बारीक थरथर होत होती, थांबत होती, पुन्हा सुरू होत होती. बायको स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. बोलून उपयोग नव्हता, ॲप बंद होतं. हळूहळू थरथर मंदावली. तिची मान त्यांच्या खांद्यावर पडली.

ॲप सुरू झालं तेव्हा मुलगी झोपली होती.

बायको जवळ येऊन बसली. कितीतरी दिवसांनी तिने त्यांना फोनमधून काही विचारलं.

"काय नवीन आहे यात?"

व्हर्जनरावांनी पडदा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"अक्षरं जरा मोठी केलीत," ते म्हणाले.