कमलची बडी कोण?

रेणू, पोरी, जवळ असती तर आधी तुहा कान धरला असता. काल फोनवर केवढी हसत होती वं तू! तुमच्या नागपूरच्या ऑफिसातली पूर्वा डोक्याच्या डॉक्टरचा इलाज घेऊन कामावर परतली, अन् तुम्ही तिचा टेबल झेरॉक्सच्या कोपऱ्यात सरकवला. डबाही तिच्याबिगर खाता. मले किळस आली. तुही आली, अन् माहीही. माही काऊन, ते ऐक.

मी महिला बटालियनमध्ये हवालदार होती. कमल माही बडी. मी वडनेरची, ती कारंज्याची. बडी म्हणजे जोडी. ड्यूटी सोबत, जेवण सोबत, अन् फायरिंग थांबली का एकमेकीची खबर वायरलेस सेटवर द्याची. गिनती तशीच होते.

डोंगरातल्या पोस्टवर एका ब्लास्टनंतर कमलची झोप गेली. दोन महिने हॉस्पिटलात राह्यली, परत आली. कागदावर होतं: लाइट ड्यूटी, हत्यार नाई. सकाळी सहाले फॉल-इन, साऱ्या लाइनीत उभ्या. कंपनी हवालदार मेजर मॅडमनं विचारलं,

"कमल की बडी कौन?"

मागून एक जण बोलली, "मॅडम, नींद में गला दबा देगी तो?"

सारी लाइन हसली. मी माह्या बुटाकडं पाह्यत राह्यली.

"ठीक है. स्टोअर में, अकेली."

"जी मॅडम," कमल म्हणाली.

दुपारी मेसमध्ये ती माह्याजवळ बसली. "मले काही झालं नाई वं. फक्त झोप येत नाई."

मी ताट उचललं अन् दुसऱ्या टेबलावर गेली.

अकराव्या दिवशी पहाटे पाच चाळीसले पोस्टवर फायर आला. सहा पाचले थांबला. सेटवर कंट्रोल बोलला, "सब बडी रिपोर्ट."

"रेखा ओके," मी बोलली; ती माही नवी बडी. "शबाना ओके." अशा साऱ्या जोड्या बोलल्या.

"ऑल ओके. आउट."

कमल कोणत्याच जोडीत नव्हती. तिची खबर कोण देणार?

सव्वासातले चहा वाटता वाटता कुक म्हणाला, "कमल दीदी का कप यहीं पड़ा है."

स्टोअरच्या मागं सापडली. मांडीत स्प्लिंटर, गोळ्याचा तुकडा. सोताच्या बेल्टनं सोताच पाय बांधला होता तिनं. डॉक्टरनं नाडी पाह्यली. "आधा घंटा पहले लाते..."

तिरंगा पांघरला तवा, गळा दाबाची गोष्ट करणारी सगळ्यात मोठ्यानं रडली. मी सॅल्यूट मारला. त्याच हातानं ताट उचललं होतं. त्या हाताची मले आजही शिसारी येते.

दरसाल त्या दिवशी सकाळी सहाले मी अंगणात सावधान उभी राह्यतो. "कमल, बडी हाजिर," म्हणतो. काय उपेग आता!

पूर्वाचा टेबल उद्याच जागेवर आण. अन् रविवारी वडनेरले येजो, जामच्या फाट्यावरून बस भेटते. लवकर येजो, वाट पाहून राह्यली मी. पण एकटी नको येऊ. दारात मी पह्यले हेच पाहीन, तुह्यासोबत कोण आहे.