बिनवासाचं तेल

जवसाच्या तेलाचा उग्र वास आला की बाबांचा तळहात आठवतो. आंजी गावात आमची तेलघाणी होती आणि समोरच्याच किराणा दुकानात एका सकाळी परदेशी पामतेलाचे डबे उतरले. बाबांनी सवयीनं थेंबभर तेल तळहातावर चोळून हुंगलं, पुन्हा हुंगलं. “याले तं वासच नाई,” ते म्हणाले. दुकानदार हसला, “म्हणूनच तं लोकं नेऊन राह्यले, भाऊ. अन् सस्तंही हाय.” मागे आमची घाणी करकरत होती. दुपारी बाबा आणि मी घरी आलो, तर आई पुऱ्या तळत होती. कढईचा चरचराट अंगणापर्यंत ऐकू येत होता, वास मात्र नव्हता. चुलीशेजारी तसाच एक डबा होता. बाबा उंबऱ्यातच थांबले. त्या घरात शिरताना मी अजूनही आधी हुंगून पाहतो.