ब्रेकबाईंची भीती

मोटार चालवायला शिकवणाऱ्या बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणत, आणि त्या नावाचा बाईंना मनातून अभिमान होता. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, तोंडाने "छान, छान" म्हणायचं आणि पाय आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर तयार ठेवायचा, हा त्यांचा धंदा. चेहरा कितीही शांत ठेवा, पण मनात धाकधूक हवीच, असं त्या म्हणायच्या. जिला भीती वाटत नाही तिने शेजारी बसून शिकवू नये, घरी भाजी निवडत बसावं.

मग त्यांची आई गेली आणि बाईंची झोप उडाली. छताकडे बघत रात्री काढणाऱ्या बाईंच्या हातावर मावसबहिणीने गोळ्यांची पुडी ठेवली. फोनवरून मागवलेल्या, फिकट निळ्या, वर एका नेहमीच्या औषधाचं नाव उमटवलेलं.

"डॉक्टर देतात तीच गं. फक्त दवाखान्यात ताटकळायला नको," बहीण म्हणाली.

पहिल्या रात्री बाई अशा झोपल्या, की नवऱ्याने नाकापुढे बोट धरून श्वास चालू आहे ना ते पाहिलं. पुढे गोळी नसली की सकाळी छातीत धडधडायला लागलं, म्हणून सकाळचीही एक सुरू झाली. एखादी गोळी अगदीच पाणचट निघे, तर एखादीनंतर आपण जेवलो की नाही हेच आठवत नसे. बाईंनी दोष वयाला दिला. वय बिचारं उलटून बोलत नाही.

एके दुपारी एका शिकाऊ मुलीने लाल दिव्यातून गाडी सरळ पुढे नेली. बाजूने आलेला ट्रक कर्कश आवाज करत हातभर अंतरावर थांबला. मुलगी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली. बाई मांडीवर हात ठेवून समोरची पाटी वाचत होत्या. पाय ब्रेकवर गेलाच नव्हता. मुलीची काहीच चूक नाही, चूक माझी आहे, हे त्यांनी तिथल्या तिथे तिला सांगितलं खरं, पण तेही भाजीचा भाव विचारावा इतक्या थंडपणे. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी स्वतःला घाबरवून पाहिलं. ट्रक आठवला, मुलीचे आईवडील आठवले. काही म्हणजे काही वाटलं नाही.

बाई मुळातच हट्टी. एकदा साखर सोडली ती एका दिवसात, पुन्हा नाव नाही. त्याच खाक्याने त्यांनी उरलेल्या गोळ्या संडासात ओतल्या, पाणी सोडलं आणि नवऱ्याला जाहीर केलं, "झालं. विषय संपला."

विषय कसला संपतोय. दुसऱ्या दिवसापासून हात कापायला लागले, उजेड डोळ्यांत टोचू लागला, अंगावरून मुंग्या चालल्यासारखं वाटू लागलं. बाई दात आवळून राहिल्या. हे भोगलं की सुटले, असा त्यांचा हिशोब. मग भांडी घासता घासता त्या कोसळल्या आणि त्यांचं सगळं अंग झटके देऊ लागलं. छापखान्यात कामाला असणारा नवरा त्या दिवशी नेमका घरी होता, म्हणून वाचल्या.

"त्या गोळीवर नाव एकाचं आणि आत भलतंच," दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तपासणीचा कागद बघत म्हणाल्या. "असली नवीनच बनवलेली औषधं हल्ली येतात. माणसांवर नीट तपासलेली नसतात. काहींचा तर मिठाच्या कणाएवढा भाग माणसाला आडवा करतो. कुठल्यातरी खोलीत पीठ कालवून गोळ्या पाडायच्या. एकीत कमी, दुसरीत चौपट. शिवाय काही अंगातून लवकर जात नाहीत. कालची असतेच, वर आजची. त्यात दारू किंवा दुखण्यावरची जबर गोळी पडली, तर श्वासच थांबतो."

"मग सोडली ते चांगलंच केलं की," बाई अडखळत म्हणाल्या.

"सोडायचीच होती. पण अशी एकदम नाही. शरीराला सवय झाली की एकदम तोडल्यावर झटके येतात. जीवही जातो."

नवरा खाटेजवळ सरकला. तो म्हणाला, "ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा दाबायचा, हे तूच शिकवतेस ना लोकांना?"

बाईंना त्याचा राग आला, कारण त्याचं बरोबर होतं.

डॉक्टरीणबाईंनी माहितीतलं, मोजून देता येणारं औषध सुरू केलं आणि ते थोडं थोडं उतरवत न्यायचं ठरलं. एका झटक्यात डोंगर उचलायला बाई तयार होत्या. रोज चिमूटभर माती उचलायची, हे त्यांना जमेना. प्रत्येक उतारावर चार दिवस वाईट जात. एकदा घाई करून त्यांनी आपल्या मनानेच मात्रा आणखी कमी केली. डॉक्टरीणबाईंनी त्यांना न रागावता एक पायरी परत वर चढवलं. त्या दिवशी बाई दवाखान्याच्या जिन्यात बसून संतापाने रडल्या. मग डोळे पुसले आणि औषध सांगितलं तेवढंच घेतलं. माझ्या मते खरी जिद्द ती, साखरेची नव्हे.

मोटार शिकवणाऱ्या शाळेच्या मालकाला त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. तो त्यांना वर्गात फळ्यावर वाहतुकीच्या खुणा शिकवायला देत राहिला. मावसबहिणीकडेही त्या गेल्या. तिने ऐकून ती स्वतः रोज घेत असलेल्या गोळ्यांची पुडी उचलली आणि केराच्या डब्याकडे निघाली, तेव्हा बाईंनी तिचं मनगट धरलं.

"टाकू नकोस. घेऊन चल. डॉक्टरांकडे. मी आहे सोबत."

औषध पार थांबलं. त्यानंतरही बरेच महिने गेले, आणि शेवटी डॉक्टरीणबाईंकडून गाडी चालवायची लेखी परवानगी मिळाली. मालक म्हणाला, "या उद्यापासून."

"तसं नाही," बाई म्हणाल्या. "आधी मी शिकाऊ म्हणून बसते. तुम्ही शेजारी बसा. माझी परीक्षा घ्या."

"तुमची? मला हसतील लोक."

"हसू देत."

निघाले. गाडी सरळ चालली होती. बाजारापाशी दोन उभ्या गाड्यांच्या मधून एक सायकल एकदम आडवी आली. बाईंचा पाय आपसूक ब्रेकवर गेला, गाडी मऊ थांबली, सायकलवाला मागे न बघता निघून गेला. बाईंच्या कपाळावर घाम फुटला होता. छातीत इतकं धडधडत होतं, की त्यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली.

मालकाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "घाबरलात का हो?"

"हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "चांगलीच घाबरले."

"मग उतरा," मालक आपल्या बाजूचं दार उघडत म्हणाला, "आणि इकडे येऊन बसा."