वीत्स्केची निळी बादली

वीत्स्केला किळस यायला फारसं कारण लागत नसे. लग्नाच्या दिवशी पाद्र्याने हात पुढे केला, तर तिने आधी तो रुमालाने पुसला. म्हणजे पाद्र्याचा हात, स्वतःचा नव्हे. वाढदिवसाला लोक गालांवर तीनदा मुके घ्यायला यायचे, तेव्हा ती मान अशी काही फिरवायची की तिन्ही मुके हवेत पडत. नवरा शूर्ड दुधाचा टँकर चालवायचा. बूट तर बाहेरच काढायचे, पण त्याला मोजेही उंबऱ्यावरच बदलावे लागत, आणि उत्तरेतल्या स्नेक गावाच्या आसपास जानेवारीत उंबऱ्यावर उभं राहणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक. चीजच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं हौद घासले, आणि तिच्या हौदात कुणाला कधी केस सापडला नाही.

शूर्ड गेला आणि घर इतकं स्वच्छ झालं की पुसायला काही उरेना. वीत्स्के सकाळी फडकं घेऊन निघायची, खोल्याखोल्यांतून फिरायची आणि कोरडं फडकं घेऊन परत यायची. शेवटी तिने परदेशी विद्यार्थी ठेवणाऱ्या समितीकडे नाव दिलं. ऑगस्टमध्ये बोलिव्हियाहून हिमेना आली, जूनपर्यंत राहायला. वय सतरा, केस कमरेपर्यंत.

ते केस न्हाणीच्या जाळीत अडकायचे. वीत्स्के चिमट्याने तो ओला गुंता वर ओढायची, आणि तो येतच राहायचा, येतच राहायचा. पोरीने ॲव्होकाडोची कोय पेल्यात घालून खिडकीत ऑर्किडशेजारी ठेवली होती. पाण्यावर शेवाळी साय धरली तरी ती म्हणायची, "तांते वीत्स्के, टाकू नका हं, मोड येतोय." शेजारणी जिला 'मेव्राउ', म्हणजे बाईसाहेब, याशिवाय हाक मारत नसत, तिला ही पहिल्या दिवसापासून तांते, म्हणजे मावशी म्हणायची.

किळस दोन्हीकडून होती म्हणा. पोरीने पहिल्यांदा खारट काळं ड्रॉप, ज्येष्ठमधाची गोळी, तोंडात घातलं आणि गुपचूप ऑर्किडच्या कुंडीत थुंकलं. कच्च्या हेरिंग माशाकडे ती पाठ फिरवायची. वाटाण्याच्या घट्ट सूपमधून डुकराचा पाय वर आला की ती ताट सरकवायची.

"हे अन्न आहे," वीत्स्के म्हणायची.

"त्याला नखं आहेत, तांते."

नोव्हेंबरात समितीच्या बाईंचा फोन आला. मुलगी म्हणते, त्या घरात मी पाहुणी आहे, कशाला हात लावायची भीती वाटते. नाताळनंतर घर बदलायचं का, ते ती सहा डिसेंबरला कळवील. वीत्स्केने रिसीव्हर ठेवला आणि पुसला. त्या दिवशी तिने न्हाणीतली जाळी साफ केली नाही. उद्या काढायला काही असू दे, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याचीही तिला किळस आली.

पाच डिसेंबरला, भेटी आणणाऱ्या संताच्या, सिंटच्या संध्याकाळी, दोघी वीत्स्केचा भाऊ डौवे याच्याकडे गेल्या. चिठ्ठ्या आधीच टाकलेल्या होत्या. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याला भेट द्यायची, पण उघडी नाही, कशात तरी दडवून. सोबत त्याच्या खोड्या काढणारी कविता, आणि खाली सही सिंटची, म्हणजे भांडायला कुणी सापडत नाही. डौवेच्या घरात 'कशात तरी' याचा अर्थ घाण असाच होता. त्या वर्षी डौवेला काकवीने भरलेला भोपळा मिळाला, आणि त्याची बायको बाउक्ये हिला मोहरी फासलेला बाळाचा लंगोट.

वीत्स्केला मात्र दरसाल रिबीन बांधलेला कोरा खोका मिळे. आत अंगाचा साबण, कविता दोन ओळींची. हा आपला मान आहे, असं तिला एकोणीस वर्षं वाटत आलं होतं.

हिमेना मागच्या दाराने गेली आणि दोन्ही हातांनी काही तरी उचलून घेऊन आली. ती वीत्स्केची निळी बादली होती. फरशी पुसायची, जी वीत्स्के वापरण्याआधीही धुवायची. तीत तीन दिवसांचं वाटाण्याचं सूप गोठलं होतं, वर हेरिंगची डोकी, मधूनमधून विरघळलेल्या ड्रॉपच्या काळ्या रेघा. खोलीभर वास पसरला.

बाउक्येने लंगोट खाली ठेवला.

"मी हिला सांगितलं होतं," डौवे म्हणाला. "म्हटलं, पोरी, साबण दे. आम्ही सगळे साबणच देतो. तिची थट्टा करायची नसते."

"का?" हिमेनाने विचारलं. "तुमचं भांडण झालंय?"

वीत्स्केला ते खोके आठवले, एकोणीस कोरे खोके. मग नजर बादलीत गेली आणि एका माशाच्या डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. उठून बाहेर जावं, नळाखाली हात धरावेत, दार लावून घ्यावं. पोरीने मुठी बाह्यांत ओढून घेतल्या होत्या.

"नको असेल तर मी नेते परत," ती म्हणाली. "उद्या सहा तारीखच आहे."

"गप्प बस. कविता वाच."

हिमेनाने कागद उलगडला.

"वीत्स्के झाडते, वीत्स्के पुसते,
घाण बिचारी दाराशी रुसते.
म्हणते, बाई, आज तरी घे,
एकदा हातात हात तरी दे."

डौवेला हसू फुटलं. ते त्याने खोकल्यात लपवलं.

"बाही वर कर माझी," वीत्स्के म्हणाली. "अजून वर. हा ब्लाउज धुतलेला आहे."

तिने डोळे मिटले आणि हात घातला. वरची साय फाटली, खाली गारढोण लगदा. बोटांच्या बेचक्यांतून काही तरी मऊ सरकलं, मग काही तरी टणक, दात असलेलं. डुकराचा पायही होता. तिच्या मानेपर्यंत काटा आला. कोपर बुडालं तेव्हा पुडकं लागलं, पण ते निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. वीत्स्केने कारखान्यातली एक शिवी घातली, जी घरात कुणी कधी ऐकली नव्हती, आणि दुसराही हात आत घातला.

प्लास्टिकच्या तीन पिशव्यांतून निघाले पिवळे रबरी हातमोजे. कोपरापर्यंत लांब.

बाउक्ये हसता हसता खुर्चीवरून घसरली. हिरवे हात अंगापासून लांब धरून वीत्स्के उभी राहिली. "हे आधी द्यायचे असतात."

"आधी दिले असते तर तुम्ही घातले असते, तांते."

"सगळ्यांत बीभत्स भेट," डौवे डोळे पुसत म्हणाला. "भोपळ्यावर मात. वीत्स, आता तुला सूट नाही. पुढच्या वर्षी तुझ्यासाठी माझ्याकडे कोंबड्यांचं खुराडं आहे."

"तू मर," वीत्स्के म्हणाली, आणि पोरीकडे वळली. "उद्या त्या बाईंना काय सांगायचं ते सांग. पण आधी माझी बादली घासायची. तीन पाण्यांनी, मग सोडा."

"तीन पाणी आणि सोडा? मग जूनपर्यंत थांबावं लागेल मला."

वीत्स्केने कोपर हुंगलं आणि झटकन लांब धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोरीवर उभी राहून लिंबाच्या फोडीने हात चोळत होती. पाच वेळा धुऊनही वास जात नव्हता. पलीकडे हिमेना फोनवर होती.

"नाही, बदलायचं नाही," ती सांगत होती. "हो, विचार केला. नाही, स्वच्छ कुठली? तांतेच्या हाताला मासळीचा वास येतो."

वीत्स्केने नाक मुरडलं आणि लिंबाची दुसरी फोड घेतली.