शर्ट अकोल्याला गेला

बडनेरा रोडवर गाड्यांना सीट कव्हर बसवणारा एक माणूस आहे. दहा वर्षं मी त्याच्याकडे जातो, पण नाव विचारायचं राहूनच गेलं. तो गिऱ्हाइकापेक्षा गाडीशीच जास्त बोलतो. काही अडलं की म्हणतो, "ये बापा, ये. कावून रुसून राहिला?"

दहा महिन्यांच्या नातीला घेऊन अकोल्याला जायचं होतं. लेकीनं आणलेली बाळाची सीट गाडीत डगडग हलत होती, म्हणून त्याच्याकडे नेली. त्यानं गाडीचा पट्टा सीटच्या मागून ओवला, सीटवर गुडघा रोवून सगळं वजन टाकलं आणि पट्टा खेचला. खट्ट! सीट दगडासारखी बसली. पण त्याच्या शर्टाचं टोकही पट्ट्याखाली अडकलं.

"थांबा, पट्टा सोडवतो," मी म्हणालो.

"हात नोका लावू काका!" तो ओरडला. "अशी फिटिंग परत नाई जमत."

बटणं काढून तो शर्टातून बाहेर आला आणि बनियनवर उभा राहिला. "जाऊ द्या शर्टाले अकोल्याले."

नात वाटभर त्या शर्टाची बाही मुठीत धरून झोपली.

चार दिवसांनी धुऊन, इस्त्री करून शर्ट परत नेला. वाटलं, खूश होईल. त्यानं शर्टाकडे पाहिलंही नाही.

"म्हंजे पट्टा ढिला केला तुमी!"

मी मान खाली घातली. त्यानं गाडीचं दार उघडलं, आधी अंगातला शर्ट काढून टपावर ठेवला आणि मगच सीटवर गुडघा रोवला.