टायगर मॉथची पुढची सीट

घरात बसून विमान उडवणाऱ्यांकडे किस्से फार साठतात. कारण सोपं आहे. उडवता सगळ्यांना येतं, उतरवता कुणालाच नाही!

मी रिटायर झालो तेव्हा मुलाने ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या आमच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर, जॉयस्टिक, सिम्युलेटर असं सगळं बसवून दिलं. माझा शाळेपासूनचा दोस्त शिर्के रोज संध्याकाळी यायचा. घराणं फौजी, पण हा जन्मभर बँकेत. आम्ही ठरवलं, उडवायची तर जुनी ब्रिटिश विमानंच. सुरुवात टायगर मॉथपासून. दुमजली पंख, एकामागे एक दोन उघड्या सीटा आणि नाकावर लाकडी पंखा.

पहिल्याच दिवशी शिर्केने ते ग्वाल्हेरला टेकवलं आणि ओरडायला लागला, "अरे यार, ब्रेक कुठाय? हे रुकतच नाहीये!"

मी माहितीपुस्तिका उघडली. टायगर मॉथला ब्रेक नसतातच!

तोवर विमान शेतात घुसलं होतं. चहा घेऊन आलेली माझी बायको म्हणाली, "भाऊजी, स्कूटरही तुम्ही अशीच थांबवता."

*

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने आधीच धूसर. सगळ्यांवर नुसता चिडत होतो. शिर्के रोज आला. माझा हात जॉयस्टिकवर ठेवायचा आणि मोठ्याने वाचून सांगायचा, "उंची आठशे... स्पीड साठ... जरा डावीकडे..."

चौथ्या दिवशी मी विमान इतकं अलगद उतरवलं की चाकं टेकल्याचं कळलंसुद्धा नाही.

शिर्के म्हणाला, "पट्टी काढूच नकोस!"

पट्टी निघाली. ते दिवस त्याने ढकलून नेले, हे मात्र मी विसरलेलो नाही.

*

जुन्या ग्वाल्हेरच्या गोरखी भागात शिर्केच्या शेजारी आप्पा मोघे राहायचे. ऐंशी पार. संस्थानाच्या काळात विमानतळावर मेकॅनिक होते. शिर्के एकदा त्यांना घेऊन आला. मी इंजिनाचं बटण दाबणार, तोच आप्पा गरजले, "थांब! पंख्यासमोर कोण उभंय ते बघितलंस?"

"आप्पा, कोणीच नाहीये."

"मी आहे ना!"

आणि खरंच मॉनिटरसमोर हात उंचावून उभे राहिले. त्या काळी मेकॅनिक पायलटला हाक देऊन हातानेच पंखा फिरवायचा, तेव्हा इंजिन सुरू व्हायचं. "कॉन्टॅक्ट?"

"कॉन्टॅक्ट!" मी म्हणालो.

त्यांनी हवेत असा काही हात मारला की मी दचकून बटण दाबलं. इंजिन सुरू! त्या दिवसापासून आप्पांना सर्दी झाली की आमचं विमान जमिनीवरच!

*

एकदा मी सहज विचारलं, "आप्पा, तुम्ही किती वेळा उडलात?"

"एकदाही नाही."

संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला. पुढे तोही मोडून नवा मध्य प्रदेश झाला आणि कचेऱ्या भोपाळला निघाल्या. आप्पांची बदली झाली. विमानही तिकडेच जाणार होतं. पायलटने पुढची सीट आप्पांना कबूल केली होती. घरचे सगळे निरोप द्यायला आले. ऐनवेळी साहेबांनी तातडीच्या फायलींचे गठ्ठे त्या सीटवर बांधायला लावले. पंखा आप्पांनीच फिरवला, विमान गेलं, आणि ते स्टेशनवर गेले.

"बायकोने पुऱ्या दिल्या होत्या," आप्पा म्हणाले. "झाशी आल्यावर खाल्ल्या."

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही ग्वाल्हेर ते भोपाळ उड्डाण ठेवलं. आप्पा कोट, मफलर घालून आले. पंख्यासमोर जायला लागले तर शिर्केने अडवलं. "आज तुम्ही पॅसेंजर. पंखा मी फिरवतो."

अडीच तास. सिम्युलेटर एक मिनिटही फास्ट केला नाही. उजवीकडे शिवपुरीचं जंगल गेलं. आप्पांनी पाणीसुद्धा मागितलं नाही. शेवटी भोपाळचा तलाव दिसला, तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले. मी जपून उतरवलं.

आप्पांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "थँक यू, कॅप्टन."

मग ते उठले, कोपऱ्यातल्या फोनपाशी गेले आणि घरचा नंबर फिरवला.

"सूनबाई, मी भोपाळला पोचलो. जेवायला थांबू नका!"