पाणीवाल्याच्या घराचं दार

बाबा दातांच्या कवळ्या करतात. डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, बाबा त्यावरून दात घडवतात. माणूस कधी समोर येत नाही, त्याचं तोंड तेवढं येतं, तेही प्लास्टरचं. म्हणूनच की काय, बोलत्या माणसाशी वाद घालायची त्यांना सवय नाही. त्यांना पुरावा लागतो.

सुट्टीच्या दिवशी ते बंद पडलेल्या रेल्वेलाइनी धुंडाळत हिंडतात. जुना फोटो घ्यायचा आणि तो काढणारा नेमका कुठे उभा होता ती जागा शोधायची, हा त्यांचा छंद. असे रिकामटेकडे आणखीही आहेत, हे मला त्यांच्या फोनवरच्या ग्रुपमुळे कळलं. तिथे एखाद्या पुलाचा दगड सापडला, तरी घरात बाळ आल्यासारखं अभिनंदन होतं.

या ग्रुपमधल्या एकाला जुन्या निगेटिव्हची पेटी मिळाली. त्यातल्या एका फोटोत बाबांना स्वतःचे वडील दिसले. आजोबा इंजिनांना पाणी भरायचे. फोटोत ते पाण्याच्या नळखांबाशी हसत उभे आहेत, मागे त्यांचं रेल्वेचं घर आणि समोर लांब गेलेले रूळ. रुळांच्या टोकाला एक टेकडी, दोन्हीकडून सारखीच उतरलेली. बाबांचा जन्म ती लाइन बंद होऊन सगळे शहरात आल्यावरचा, त्यामुळे त्यांनी ते घर कधी पाहिलेलं नव्हतं. आत्याचं लहानपण मात्र तिथेच गेलं होतं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती आमच्याकडेच राहते. बाबांनी तिला फोटो दाखवला तर ती म्हणाली, घर चुकीच्या बाजूला आहे. टेकडीकडे तोंड केलं की आपलं घर डाव्या हाताला. दार रुळांकडे, आणि सकाळचं ऊन दारातून थेट चुलीपर्यंत यायचं. फोटोत घर उजवीकडे होतं. तिथून दारात ऊन आलं असतं ते मावळतीचं.

बाबांनी तिला समजावून सांगितलं. फोटो काय खोटं बोलणार आहे? मग ते त्या जागी जाऊन उजव्या बाजूला काटेकुटे तुडवत फिरले, चार दगड शोधून काढले आणि हाच आपल्या घराचा पाया म्हणून ग्रुपवर टाकले. अभिनंदनांचा पाऊस पडला. आत्या आपलं डावीकडेच धरून बसली.

इथवर ठीक होतं. पण त्याच सुमारास आत्याच्या हातून गॅसवर दूध राहिलं आणि पातेलं करपलं. बाबांनी दोन आणि दोन जोडले. स्वतःचं लहानपणीचं घर कुठल्या बाजूला होतं ते जिला आठवत नाही, तिच्या भरवशावर गॅस कसा सोडायचा? आत्याला स्वयंपाकघर बंद झालं. एकटीने बाहेर जायचं नाही, म्हणून घराची किल्लीही बाबांच्या जुडग्यात गेली. दूध माझ्या हातूनही अनेकदा करपलंय, पण माझ्याविरुद्ध फोटो नव्हता. आत्या भांडली नाही. ती खिडकीपाशी बसू लागली आणि काही विचारलं की आधी बाबांकडे बघू लागली. मला ते फार लागलं.

बाबांनी तो फोटो मोठा करून कारखान्यात लावला. कारखाना म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि भिंतभर साच्यांच्या फळ्या. वरच्या फळीवर आजोबांचा साचा आहे. तरुणपणीच नळाची साखळी तोंडावर बसून त्यांचा वरचा डावा सुळा गेला होता. म्हातारपणी बाबांनी दात करून देतो म्हणून साचा घेतला, पण आजोबांनी दात काही बसवून घेतला नाही.

मी डबा घेऊन गेले, तेव्हा बाबा साचा हातात धरून फोटोसमोर उभे होते. फोटोत आजोबा हसत होते आणि फट त्यांच्या उजव्या सुळ्याच्या जागी होती. निगेटिव्ह उलटी ठेवून छापली होती. जन्म डाव्या-उजव्या दातांत गेलेला माणूस, पण एवढे दिवस त्याने रूळ पाहिले, टेकडी पाहिली. बापाच्या तोंडाकडे काही पाहिलं नाही.

"जेवून घ्या," मी म्हणाले. ते जेवले नाहीत.

पुढच्या सुट्टीला आम्ही सकाळी लवकर आत्याला घेऊन निघालो. आता तिथे रूळ नाहीत, नुसता मातीचा बांध उरलाय. आत्याने टेकडीकडे तोंड केलं आणि न विचारता डावीकडे उतरली. झुडपांत नळखांबाचा गोल कट्टा निघाला, त्याच्या मागे घराची पायरी. ती पायरीवर उभी राहिली. ऊन सरळ तिच्या तोंडावर आलं.

बाबांनी फोटो काढला नाही. म्हणाले, "ताई, तुझंच बरोबर होतं."

"ते मला माहीतच होतं, छोट्या," आत्या म्हणाली आणि हात पुढे केला. "किल्ली दे."

बाबा जुडग्यातून किल्ली सोडवायला लागले. कडी काही उघडेना. शेवटी त्यांनी अख्खा जुडगाच तिच्या हातात ठेवला.